बाबांचा फोटो न लावता शिक्षणासाठी लोकांकडे पैसे मागता येतील का?

उपकेंद्रवाली, उदगीर · 8 जून 2025

नमस्कार. तीन वर्षं मी इथं फक्त वाचत आले, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

मी लातूर जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग. नोकरी कंत्राटी, पगार 25 हजार आणि कामावरचा भत्ता पूर्ण मिळाला तर वर 15 हजार. माझ्याकडच्या दोन तांड्यांवरची बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलातच परततात. लेकराला गोवर-रुबेलाचा पहिला डोस मी देते. दुसरा कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर मिळतो, नाहीतर मिळतच नाही. बाई सातव्या महिन्यात कोयत्यावर जाते, परत येते तेव्हा कडेवर पोर असतं आणि मधल्या पाच महिन्यांचे रकाने माझ्या रजिस्टरमध्ये कोरे असतात. या कोऱ्या रकान्यांवरच मला काम करायचं आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात एम.पी.एच.ला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालाय. एक वर्षाचा अभ्यासक्रम, सप्टेंबरात सुरू होतो.

आता हिशेब. पौंड 116 रुपये धरलाय. फी 21,500 पौंड. विद्यापीठाने 4,000 ची शिष्यवृत्ती दिली, 2,000 मी बचतीतून आधीच भरले. राहिले 15,500, म्हणजे जवळपास 18 लाख. लंडनबाहेर राहायचे म्हणून व्हिसासाठी महिना 1,136 पौंड दाखवावे लागतात, नऊ महिन्यांचे 10,224. ते 11 लाख 86 हजार. व्हिसा फी 524 आणि आरोग्य अधिभार 1,164, मिळून 1 लाख 96 हजार. तिकीट, थंडीचे कपडे वगैरे 75 हजार. एकूण साडेबत्तीस लाख.

हाताशी काय आहे? माझे 2 लाख. मामा-मावशीचे दीड लाख. एका खाजगी फायनान्स कंपनीने 20 लाखांचं कर्ज मंजूर केलंय, पावणेतेरा टक्क्यांनी, मामा जामीन. सरकारी बँकेत गेले होते. साडेसात लाखांच्या वर गहाण मागतात. आमचं घर गावठाणातलं, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरचं, ते त्यांना चालत नाही. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला विद्यापीठ जगात पहिल्या 200 मध्ये लागतं, माझं त्यात नाही. खड्डा 9 लाखांचा आहे.

म्हणून ऑनलाइन लोकवर्गणीच्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या माणसाचा फोन आला. बोलायला चांगला होता. म्हणाला, ताई, तुमचे वडील हमाल आहेत ना, त्यांचा फोटो पाठवा, पाठीवर पोतं घेतलेला. त्याशिवाय लोक थांबत नाहीत.

बाबा उदगीरच्या मोंढ्यात चौतीस वर्षं हमाली करतात. मी दुपारी गेले. फोटो काढायचाय म्हटल्यावर त्यांनी हातातला हुक आडतीच्या ओट्यावर ठेवला, डोक्याचं फडकं सोडून शर्टावरची सोयाबीनची धूळ झटकली, वरची गुंडी लावली आणि थप्पीच्या बाजूला ताठ उभे राहिले. ओळखपत्राला उभे राहतात तसे. मी फोटो काढला. पोतं घ्या, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. घरी येऊन तोच फोटो पाठवला. उत्तर आलं, हा चालणार नाही.

बाबांना मी कशासाठी फोटो काढला ते रात्री सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कपाटातून ताईच्या लग्नातली आहेराची वही काढून आणली. लाल बांधणीची. कुणी 101 दिले, कुणी टॉवेल-टोपी, कुणी स्टीलचा डबा, सगळं त्यांच्या हातचं. ज्याच्या घरी कार्य झालं आणि आपण आहेर परत केला त्याच्यापुढं बरोबरची खूण. 2019 च्या लग्नातली सात नावं अजून खुणेविना आहेत आणि ती त्यांना तोंडपाठ आहेत. म्हणाले, "आहेर घेतला तर फेडता येतो. ह्या लोकांचं घर कुठं हाय ते ठाऊक हाय का तुला? फेडाया कुठं जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कुणी असं मागितलं असेल, किंवा दिलं असेल, तर सांगा. त्या फोटोशिवाय लोक देतात का? किती मागावं? हे पैसे आले तर त्यावर कर लागतो का? आणि बाबांना मी काय सांगू?

यंत्रमाग_88, इचलकरंजी (सध्या ग्लासगो) · 8 जून

ताई, मी 2021 साली हेच केलंय, म्हणून आधी चूक सांगतो.

माझं पान संकेतस्थळाच्या माणसांनी लिहिलं. मी घाईत होतो, वाचून हो म्हटलं. त्यात वडिलांचा दमा, आईचं शिवणकाम, गळकं छप्पर, सगळं होतं. खोटं एकही वाक्य नव्हतं. पण ते पान फिरत फिरत वडिलांच्या कारखान्यात पोचलं. रात्रपाळीला कुणी तरी मोठ्यानं वाचून दाखवलं. पप्पा पंधरा दिवस चौकात चहाला गेले नाहीत. मला हे सहा महिन्यांनी बहिणीकडून कळलं. पैसे मिळाले, मी शिकलो, नोकरीला लागलो, पण ते पंधरा दिवस काही परत येत नाहीत. तुम्ही पोतं घ्या म्हणाला नाहीत, फार चांगलं केलंत.

आता उपयोगाचं. मी 11 लाख मागितले, 6 लाख 40 हजार जमले. 283 जणांनी दिले. नंतर एकेक नाव बसून तपासलं तर पूर्ण अनोळखी म्हणावेत असे चाळीसेक. बाकी सगळे एका माणसाच्या अंतरावरचे. शाळेच्या बॅचमधल्यांची ऑफिसातली माणसं, सरांचे जुने विद्यार्थी, बहिणीच्या सासरचे. त्यामुळे फोटोनं अनोळखी माणूस थांबतो की नाही, याचा फार विचार करू नका. तुमच्या ओळखीची पन्नास माणसं आपापल्या माणसाला फोन करून "ही पोरगी मला माहीत आहे" म्हणतात का, त्यावर सगळं आहे. पहिल्या तीन दिवसांत ओळखीच्यांचे पैसे पडू देत. पान शून्यावर दिसलं की लोक पुढं सरकतात.

संकेतस्थळ काय कापतं ते आधी लेखी घ्या. वर्गणीतून कापतात का, बँकेचे व्यवहारशुल्क वेगळं का, जीएसटी किती. माझ्या वेळी देणाऱ्याच्या पानावर "आम्हालाही थोडं द्या" अशी रक्कम आधीच भरलेली यायची, ती ज्याची त्याला काढावी लागायची. माझ्या एका मावशीला ते कळलंच नाही. लिंक पाठवताना लोकांना हे सांगून ठेवा.

प्रवेशाचं पत्र आणि फीचं बिल लावा, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख झाकून. आणि हे नक्की लिहा: पैसे पूर्ण जमले नाहीत तर काय करणार. मी लिहिलं नव्हतं. साडेचार लाख कमी पडले तेव्हा दोघातिघांनी विचारलं, मग आमच्या पैशांचं काय? रास्त प्रश्न होता. शेवटी मी जास्तीचं कर्ज काढलं.

रोखठोक_सोलापूर · 9 जून

मी वेगळं बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

तुम्हाला ऊसतोड कामगारांच्या आरोग्यावर काम करायचं आहे. मग इंग्लंड कशाला? तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र आहे, तिथला एम.पी.एच. देशात नावाजलेला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. पुणे विद्यापीठातही आरोग्य विज्ञानाचा विभाग आहे. यातल्या कुठेही साडेबत्तीस लाख लागत नाहीत. लोकवर्गणीच्या त्याच पानांवर लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी मागणारी घरं असतात. माझ्या भाच्याच्या बोन मॅरोसाठी आम्ही मागितलं होतं. देणाऱ्याचा खिसा एकच असतो. ज्याला इथं पर्याय आहे त्यानं तिथं हात पसरावा का, हा माझा खरा प्रश्न आहे.

आणखी एक. शिकून झाल्यावर तिकडे दोन वर्षं राहून कमवता येतं, त्यातून कर्ज फेडू, असं डोक्यात असेल तर गेल्या महिन्यातली बातमी वाचा. ब्रिटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेत तो काळ अठरा महिन्यांवर आणायचं म्हटलंय.

उपकेंद्रवाली · 9 जून

वाईट नाही वाटलं. भाचा कसा आहे आता?

इथल्या अभ्यासक्रमांचा विचार केला होता. इथं दोन वर्षं लागतात, तिथं एक. दोन वर्षं पगार नाही म्हणजे घरात माझे पैसे नाहीत, आणि धाकट्या भावाचं पॉलिटेक्निक चालू आहे. दुसरं असं की ज्या बाईंच्या हाताखाली मी प्रबंध करणार आहे त्या तिकडच्या फिरत्या कुटुंबांच्या लसीकरणावर काम करतात. जिप्सी, ट्रॅव्हलर म्हणतात त्यांना. गाडीघरात राहणारी माणसं, आज या गावात, उद्या त्या. तिथंही पोरांचे डोस चुकतात, तिथंही नोंदी मागे राहतात. त्यांनी यावर काय काय करून बघितलं, काय फसलं, ते मला जवळून बघायचंय. मी त्यांना तांड्यावरच्या रजिस्टरचं पान फोटो काढून पाठवलं होतं, नावं झाकून. त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं. माझ्या रजिस्टरकडे एवढं लक्ष देऊन कुणी बघितलं नव्हतं.

ही झाली कारणं. पण तुम्ही खरा प्रश्न विचारलात तर खरं सांगते, मला जायचंही आहे. मी लातूरच्या पलीकडे नांदेड आणि एकदा पुणे एवढंच पाहिलंय. हे पानावर लिहावं की नाही ते कळत नाही, पण लपवलं तर तुम्हाला दिलेलं उत्तर अर्धंच होईल.

ऑपरेशनचं तुम्ही म्हणालात ते मात्र रात्रभर डोक्यात होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

रोखठोक_सोलापूर · 9 जून

भाचा बरा आहे. सातवीत गेला. विचारलंत, बरं वाटलं. "मला जायचंय" हे पानावर लिहा.

शिरीषफूल, कल्याण · 10 जून

बाळा, मी निवृत्त शिक्षिका आहे आणि देणाऱ्यांपैकी आहे. वर्षाला दोन-तीन मुलामुलींना हजार-दोन हजार देते, त्यातलं बहुतेक अनोळखीच. काय बघून देते ते सांगते. मुलीनं स्वतः लिहिलंय का, एवढंच बघते. दुसऱ्यानं लिहिलेलं दोन ओळींत कळतं. तू वर ते कोऱ्या रकान्यांचं लिहिलंस ना, तिथंच मी थांबले होते. तुझे बाबा काय करतात ते तोवर आलंही नव्हतं.

आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या ते कुणाच्या पैशांवर आणि आधारावर, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. गोपाळरावांनी 1880 मध्ये एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथं ते त्यांच्या हाती लागलं. ना ओळख ना पाळख, त्यांनी पत्र लिहिलं, आणि पुढं आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. जाण्याआधी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, आनंदीबाईंनी भरसभेत भाषण केलं. मला का जायचंय, ते एकेका आक्षेपाला उत्तर देत सांगितलं. ते पसरल्यावर देशभरातून पैसे आले, व्हाइसरॉयनी 200 रुपये पाठवले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. 1886 मध्ये पदवी घेतली. त्या सभेत त्यांनी आपलं दुःख मांडलं नाही, हेतू मांडला. मी मुलांना हेच सांगायचे.

बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर एवढंच, की माझं नाव वहीत लिहायला सांग. आणि माझ्यापुढं बरोबरची खूण कधी करायची तेही सांगते. तू कमवायला लागल्यावर तुझ्या तांड्यावरच्या एखाद्या मुलीची नर्सिंगची फी भरशील तेव्हा. माझ्याकडे परत यायची गरज नाही.

एडिसनकर · 10 जून

शिरीषताई, रोझेल आमच्या एडिसनपासून जवळच आहे, आणि तिथून इतक्या वेळा गेलोय पण हे ठाऊक नव्हतं.

उपकेंद्रवाली, मी 300 डॉलर देईन. माझा पासपोर्ट आता अमेरिकन आहे, त्यामुळे भारतातल्या तुमच्या खात्यावर परदेशी पैसे घेण्याची भानगड नको. विद्यापीठाच्या फीच्या खात्यात दुसऱ्या व्यक्तीनं थेट भरलेलं चालतं का, तेवढं त्यांना विचारून घ्या. तुमचा विद्यार्थी क्रमांक टाकून मी इथूनच भरतो. इथले आणखी पाचसहा जण तयार होतील.

निवृत्त_शाखाधिकारी, पुणे · 11 जून

पोरी, तीस वर्षं कर्जखात्यात काढली, म्हणून थोडं रुक्ष बोलतो.

सगळे 9 लाखांचं बोलतायत, मला 20 लाखांची काळजी वाटते. पावणेतेरा टक्के, दहा वर्षं, 20 लाख. हप्ता येतो साडेएकोणतीस हजारांच्या आसपास. यात शिकत असतानाचं व्याज धरलेलं नाही. ते दीड वर्षाचं पावणेचार लाखांच्या वर जाईल आणि भरलं नाहीस तर मुद्दलात चढेल. परत येऊन चाळीस हजारांच्या नोकरीत हा हप्ता कसा भरणार? मामाचा पगार तारण आहे, हे विसरू नकोस. म्हणून पहिली गोष्ट, कंपनीला विचार की शिकत असताना महिन्याला निदान साधं व्याज भरायची सोय देतात का, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का. मंजुरीपत्रात नीट शोध.

दुसरी. सरकारी बँकेनं गावठाणातलं घर नाकारलं, ते नेहमीचंच. शेतजमीनही सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली, ती विकून वसुली करता येत नाही. पण मामाच्या नावावर बिगरशेती प्लॉट किंवा मुदतठेव, जीवनविमा पॉलिसी असं काही असेल तर पुन्हा जा. दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडला तरी दहा वर्षांत मोठी रक्कम वाचते.

तिसरी, पैसे कुठले कुठे लावायचे ती. लोकांकडून आलेले पैसे तुझ्या खात्यात ठेवून व्हिसासाठी दाखवायला गेलीस तर ते सलग 28 दिवस तिथं हलता कामा नयेत, एक दिवसही शिल्लक खाली गेली तर अर्ज नाकारतात. वर्गणी थेंबथेंब येते, तुला ते जमणार नाही. त्यापेक्षा वर्गणीचे पैसे फीला भर. भरलेली फी विद्यापीठ तुझ्या प्रवेशाच्या दाखल्यात, त्या सीएएसमध्ये, नोंदवतं आणि तेवढी रक्कम दाखवायची उरत नाही. राहण्याचा खर्च शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रावर दाखव, त्याला 28 दिवसांची अट नाही. पत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं. शिवाय लोकांना सांगायला सोपं जातं, तुमचा रुपया फीला गेला, ही पावती.

चौथी, कर. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात 50 हजारांच्या वर फुकट रक्कम आली तर ती सगळीच्या सगळी इतर उत्पन्नात धरतात. घाबरू नकोस, हिशेब कर. यंदा तुझा पगार ऑगस्टपर्यंतचाच, फार तर दोन लाख. त्यात 9 मिळवले तर 11. नव्या करप्रणालीत यंदापासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे भरायचं काही नाही, पण विवरणपत्रात दाखवायचंच. एखाद्या सीएकडून खात्री करून घे. मामा-मावशीचे पैसे यात येत नाहीत, ते नातेवाईक. देणाऱ्यांना प्राप्तिकरातली देणगीची, 80 जीची सूट मिळणार नाही, व्यक्तीला दिलेल्यावर नसते, हे पानावर लिहून टाक, म्हणजे नंतर कुणी पावती मागणार नाही. कर्जाचे पैसे परदेशी पाठवताना बँकेनं उगमापाशी कर वसूल करायचं या एप्रिलपासून बंद झालंय, तेव्हा बँकेनं मागितला तर कर्जाचं पत्र पुढं कर.

पाचवी. विद्यापीठाला आजच पत्र लिही, प्रवेश पुढच्या सप्टेंबरवर नेता येतो का. एक वर्ष मिळालं तर जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, 1892 पासून चालू असलेली. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. आता त्या दोन्हींची वेळ गेली.

तुझ्या वडिलांबद्दल. मी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलो. बार्शीकडचा, घरी दोन एकर कोरडवाहू. माझ्या ताटातली भाकरी कुणाच्या देणगीची होती ते मला आजही ठाऊक नाही. पहिला पगार झाला तेव्हा समितीत 50 रुपये भरायला गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी पावती फाडून दिली आणि विचारलं, जेवलास का? त्यांना वाटलं मी अजून तिथंच राहतो. पावती जपून ठेवलीय. वडिलांना सांग, फेडायला घर सापडतं.

यंत्रमाग_88 · 11 जून

साहेब, माझ्या वेळी तुमच्यासारखं सांगणारं कुणी भेटलं असतं तर! मी ते 28 दिवस सांभाळताना शेवटच्या आठवड्यात मेसचे पैसे मित्राकडून घेतले होते.

उपकेंद्रवाली · 15 जून

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

विद्यापीठाचं उत्तर आलं. प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो, 2,000 पौंडही वाया जात नाहीत, पण 4,000 ची शिष्यवृत्ती नेता येत नाही, पुन्हा अर्ज करावा लागेल. दुसऱ्या व्यक्तीनं फी थेट भरलेली चालते. एडिसनकर, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात तपशील पाठवते. मामांच्या नावावर उदगीरलाच एक बिगरशेती प्लॉट आहे, ते स्वतःहून म्हणाले. मी नको म्हणत होते. साहेबांचा हप्त्याचा हिशेब त्यांना वाचून दाखवला तेव्हा तेच म्हणाले, जामीन तर मी आधीच आहे, मग स्वस्तातलं घे. सोमवारी दोघं बँकेत जातोय.

ते संकेतस्थळ सोडलं. दुसरं बघितलंय, तिथं मजकूर आपला आपण लिहिता येतो. 31 जुलैपर्यंत थांबणार. तोवर निम्मे म्हणजे साडेचार लाख जमले नाहीत तर यंदा जाणार नाही, प्रवेश पुढं नेणार आणि ज्याचे त्याला परत करणार. हे पानावर दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. पान असं सुरू होतं:

"मी उदगीरजवळच्या एका उपकेंद्रावर काम करते. माझ्या रजिस्टरमध्ये दर वर्षी नोव्हेंबर ते मार्चचे रकाने कोरे राहतात, कारण माझी माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात. ते रकाने कसे भरायचे ते शिकायला मला एक वर्ष इंग्लंडला जायचं आहे. तिथं जायची मला हौसही आहे. मला 9 लाख रुपये कमी पडतात. यातला प्रत्येक रुपया फीला जाईल आणि पावती इथं लागेल. आपल्याच देशात, याच कामासाठी स्वस्तात शिकता आलं असतं का, असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर खाली लिहिलं आहे. तुमच्याकडे एकच देणगी द्यायची ऐपत असेल आणि समोर एखाद्या लेकराचं ऑपरेशन असेल, तर आधी तिकडे द्या."

शेवटचं वाक्य रोखठोक दादांमुळे आलंय. मैत्रीण म्हणते काढ. मी ठेवलंय.

पानावर फोटो एकच, रजिस्टरचा, नावं झाकलेला. बाबांचा ताठ उभा असलेला फोटो मी माझ्यासाठी छापून घेतला.

शिरीषताई आणि साहेबांनी लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. साहेबांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या मास्तरीणबाईचं पूर्ण नाव विचार. काल मोंढ्यातून येताना नवी वही घेऊन आलेत, तशीच लाल बांधणीची, दोनशे पानी. पहिल्या पानावर वर "श्री" लिहून रकाने आखलेत: तारीख, नाव, गाव, रक्कम. पाचवा रकाना रुंद ठेवलाय, त्याला मथळा अजून दिलेला नाही. तिथं काय लिहायचं ते ठरलं की सांगतो म्हणाले.

आज सकाळी पान चालू केलं. दुपारपर्यंत अकरा जणांनी दिलेत, त्यातले तिघं नाव न देता. बाबा विचारतायत, नाव नसलेल्याची ओळ कशी लिहायची? मी म्हटलं अनामिक लिहा. ते म्हणाले, तिघांनाही अनामिकच लिहिलं तर एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे? आता प्रत्येकापुढं पैसे आल्याची वेळ लिहितायत, तास-मिनिटासकट.